दहा पावलांवरच्या बाईसाहेब

जे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखं बोलता बोलता राहून जाईल. पाच वर्षांपूर्वी मी माझ्या थोरल्या साडूंना त्यांच्या रक्ताच्या तपासणीबद्दल खोटं सांगितलं. एकच शब्द खोटा सांगितला, पण त्या शब्दापायी त्यांच्या दारची घोडी गेली. आणि हे मी केलं कोणाशी, तर ज्याच्याइतका न्यायी माणूस तापीच्या या काठाला झाला नाही, आणि त्या काठालाही झाला असेल असं मला वाटत नाही, त्या माणसाशी.

माझे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ब्राह्मणपुरीला त्यांची केळी आणि पपईची शेती आहे, ओट्यावर एक लाकडी बाक आहे आणि त्या बाकावर बारा महिने कोणाचा ना कोणाचा तंटा बसलेला असतो. कधीकाळी ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. समिती गेली, अध्यक्षपद गेलं, पण निकाल देण्याची सवय काही गेली नाही, आणि समितीचं एक कोरं रजिस्टर घरात राहिलं होतं तेही गेलं नाही. दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय साडू कोणालाच दोष देत नाहीत. दुसरी बाजू माणसाची असावी अशीही त्यांची अट नाही. एकदा गल्लीतल्या कुत्र्याने ताईंच्या, म्हणजे माझ्या मेव्हणीच्या, टोपल्यातली भाकरी पळवली. ताई लाकूड घेऊन धावल्या, तर साडू मध्ये आडवे. "आधी त्याले भूक लागेल व्हती का नही, ते दख," म्हणाले. ताई म्हणाल्या, "त्याले काय इचारू मी? तुम्हीच इचारा, तुम्हले सगळास्नी भाषा येस!" तर हा गृहस्थ खरोखर कुत्र्यासमोर उकिडवा बसला. थोड्या वेळाने उठून म्हणाला, "भूक व्हती. सोडी दे." ताईंनी लाकूड टाकलं आणि नवऱ्यासकट कुत्र्याला दुसरी भाकरी वाढली. त्यांच्या संसाराचं सगळं वर्णन या एका प्रसंगात आलं असं मला वाटतं.

आता घोडीचं सांगतो. ती मारवाडकडच्या व्यापाऱ्याकडून सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली, पांढरी, कपाळावर तपकिरी ठिपका, आणि मानेत असा तोरा की तहसीलदारीण बाई उतरून आल्यासारखं वाटावं. साडूंनी तिला नावच ठेवलं नाही. ते तिला "बाईसाहेब" म्हणत आणि "अहो-जाहो" करत. त्याहून गमतीचं म्हणजे घरी, शेतात, बाजारात, देवळात अहिराणीशिवाय एक शब्द न बोलणारा हा माणूस घोडीशी मात्र शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत असे. "बाईसाहेब, जरा डावीकडे सरकता का?" "आपण पाणी घेतलंत का?" "कृपया पाय उचला." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गोठ्यात कोणी शिक्षणाधिकारी आले आहेत. विचारलं तर म्हणाले, "ती बाहेरगावनी शे, डाक्टर. तिले आपली बोली काय समजी? तिनासंगे शाळानी भाषा बोलनी पडस." मारवाडात शाळेची मराठी चालते हे त्यांना कोणी सांगितलं होतं ते मला ठाऊक नाही, पण घोडी ऐकायची, एवढं खरं. आम्ही कोणी अहिराणीत "चाल व" म्हटलं, तर ती कान मागे टाकून दुसरीकडे बघायची.

याच घोडीवर माझी नवरदेवाची मिरवणूक निघाली होती. माझं लग्न उशिरा झालं. मी मुळात कमी बोलणारा, त्यात वय वाढलेलं, त्यात डोक्यावर बाशिंग; मला कधी एकदा मांडवात पोहोचतो असं झालं होतं. घोडी साडूंनी मोठ्या मानाने दिली होती. मारुतीच्या पारापासून वाजंत्री सुरू झाली, चार पावलं घोडी नाचली, आणि मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिने वऱ्हाड सोडलं आणि मला घेऊन सरळ गावच्या पिठाच्या गिरणीत शिरली. पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर. नव्या बाजरीचं दळण चाललं होतं, तिने तोंड थेट पिठाच्या डब्यात घातलं. मी वर, हातात कट्यार, डोळ्यांवर मुंडावळ्या, अंगावर पीठ. गिरणीत रांगेला बसलेली एक म्हातारी ओरडली, "नवरदेव दयन लई उना व माय!" नवरदेव दळण घेऊन आला, हे ऐकून बाहेर वाजंत्री थांबली आणि सगळं गाव हसलं. साडू धावत येऊन हात जोडून घोडीला म्हणत होते, "बाईसाहेब, लोक वाट पाहत आहेत हो," आणि बाईसाहेब खात होत्या. त्या दिवसापासून सासुरवाडीत माझं नाव "दळणवाले पाव्हणे" पडलं. मी नंदुरबारला एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझ्या गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात, सासुरवाडीत दळणवाले. फक्त साडू एकटे मला पहिल्या दिवसापासून "डाक्टर" म्हणत आले. मी कितीदा सांगितलं की मी डॉक्टर नाही, मी रक्त काढतो, तपासतो, रिपोर्ट डॉक्टरांना देतो. त्यावर ते म्हणत, "रगत दखीसन जो माणूसले वळखस तो डाक्टर. बाकी बठा दुकानदार."

पुढे साडूंच्या अंगावर पित्त उठायला लागलं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, महिनोन्‌महिने. सकाळी पाठीवर गांधी, दुपारी मांड्यांवर, संध्याकाळी कानाच्या पाळ्या पपईसारख्या लाल. आल्या की तास-दोन तास राहायच्या आणि मागमूस न ठेवता जायच्या, की लगेच दुसरीकडे नवीन. गावातले सगळे इलाज झाले. आमसुलाचं पाणी झालं. भर मे महिन्यात घोंगडी पांघरून बसणं झालं. अंगभर गेरू फासून ओट्यावर बसले असताना एका वाटसरू म्हातारीने ओट्याला हात लावून नमस्कार केला. साडूंनीही मोठ्या गंभीरपणे हात वर करून आशीर्वाद दिला. "तिनं मन मोडानं का?" म्हणाले.

पण खरा इलाज त्यांनी आपल्या पद्धतीने सुरू केला. समितीचं ते कोरं रजिस्टर काढलं. पहिल्या पानावर लिहिलं: अर्जदार, माझे अंग. गैरअर्जदार, वांगे (काटेरी). तक्रार, खाज. मग वांग्याला आठ दिवस घराबाहेर ठेवलं, नवव्या दिवशी परत बोलावलं, खाल्लं, वाट पाहिली. गांधी आल्या, पण वांगं नसतानाही आल्याच होत्या. निकाल: वांगे पुराव्याअभावी निर्दोष. ताईंना बोलावून भरल्या वांग्यांची भाजी करायला लावली, म्हणजे त्याची झालेली बदनामी भरून निघेल. मग ताक, मग चिंच, मग उडदाची डाळ, मग अंगाचा साबण, मग न्हाव्याची तुरटी, मग शेजारच्या शिवारातला मोबाईलचा टॉवर. टॉवरला हजर राहता येत नाही म्हणून ते स्वतः तिथे जाऊन दिवसभर त्याच्या पायाशी बसून आले. टॉवरही सुटला. मिरचीविरुद्धचा अर्ज मात्र घेतलाच नाही. आमच्या मिरचीच्या जिल्ह्यात मिरचीलाच आरोपी करायला घरात कोणीही पंच व्हायला तयार नव्हतं. पाहुण्याला हसू यावं असा सगळा प्रकार. पण त्या रजिस्टराची पानं मी नंतर चाळली तेव्हा मला हसू आलं नाही. माणूस खाजेने रात्रंदिवस सोलून निघत होता आणि तरी एका वांग्यावर अन्याय होऊ नये म्हणून आठ आठ दिवस थांबत होता.

शेवटी ते माझ्याकडे आले. मी रक्त काढलं आणि मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवलं. धूळ, परागकण, बुरशी, धान्यं, दूध, मासे, कुत्रं, मांजर, घोडा, अशी चांगली लांबलचक यादी असते; यातल्या कशाविरुद्ध शरीरात अॅलर्जीच्या अँटीबॉडी आहेत का ते त्यात कळतं. रिपोर्ट आला तेव्हा दुपारची वेळ होती, लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. साडू समोरच्या स्टुलावर टोपी काढून बसले. मांडीवर रजिस्टर उघडलं. त्यात तारीख घातलेली, "अर्जदार, माझे अंग" लिहिलेलं, आणि "गैरअर्जदार" या शब्दापुढे मोकळी जागा. पेनाचं टोपण काढून ते म्हणाले, "बोल, डाक्टर. कोन शे?"

मी कागद पाहिला. अॅलर्जीच्या अँटीबॉडींची एकूण बेरीज वाढलेली होती. पण यादीतल्या एकेका नावासमोर काहीच नव्हतं. वरपासून खालपर्यंत कोरं. घोडाही कोरा. म्हणजे अंगात भांडण होतं, ते कोणाशी होतं ते या यादीत नव्हतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं: "भाऊ, मला कळत नाही. कातडीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू." सोपं वाक्य होतं. पण दहा वर्षं दळणवाला म्हणून ऐकून घेतलेल्या माणसापुढे घरातला सगळ्यात मोठा जावई टोपी काढून बसला होता आणि त्याचा पेन माझ्या शब्दासाठी उघडा होता. "कळत नाही" हे माझ्या तोंडून निघेना. काहीतरी नाव सांगावंच लागणार होतं. आणि जगातल्या सगळ्या नावांमधून माझ्या जिभेवर कोणतं आलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

"घोडी," मी म्हणालो.

पेन थांबला. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, तिलाही आठ दिवस बाहेर ठेवू, मग परत बोलावू; वांग्याला दिली ती संधी तिला देऊ. त्यांनी तसं केलं असतं तर माझं खोटं नवव्या दिवशी उघडं पडलं असतं आणि आज मी हे लिहीत नसतो. पण ते म्हणाले, "कागदवर शे?"

"आहे."

"मंग पुरावा काय मांगानं? तुन्हा शब्द म्हंजेच पुरावा." आणि पेनाला टोपण लावलं. घोडीचं नाव त्यांनी रजिस्टरात लिहिलं नाही. फक्त जाताना दारात थांबून विचारलं, "किती लांब ऱ्हावानं तिनापाईन?"

खोटं बोलणाऱ्याला बारकावे पुरवावे लागतात. मी म्हणालो, "दहा पावलं."

रिपोर्ट मी त्यांना दिला नाही. "माझ्याकडेच राहू द्या," म्हटलं. तो माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे.

त्या वर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांनी घोडी विकली. दोंडाईच्याचे एक चाचा होते, लग्नात घोड्या लावण्याचा त्यांच्या घरात तीन पिढ्यांचा धंदा. सौदा ठरला, गळ्यातला दोर त्यांच्या हातात गेला, आणि साडू मोजून दहा पावलं मागे सरकले. तिथून हात पाठीशी बांधून म्हणाले, "बाईसाहेब, आता आपण यांच्यासोबत जायचं आहे. यांचं घर चांगलं आहे." घोडी हलेना. चाचांनी पुचकारलं, थापटलं, हिंदीत समजावलं. अखेर साडूंनीच लांबून सांगितलं, "कृपया पुढे चला." तेव्हा चालली. परतीच्या जीपमध्ये ते ताईंना म्हणाले, "गोठा धुई टाक." ताईंनी गोठा धुतला नाही.

आणि मग, माझं नशीब असं वाईट, की साडूंना बरं वाटलं! तीन महिने एकही गांध नाही. आता मला ठाऊक आहे की हा आजार आपणहून वर येतो, आपणहून खाली बसतो, त्याला कोणाच्या येण्याजाण्याशी देणंघेणं नसतं. पण तेव्हा माझी कीर्ती तालुकाभर झाली. दळणवाले हे नाव एका रात्रीत पुसलं गेलं. लोक आपापली खाज घेऊन लॅबवर यायला लागले. एक जण आला, त्याला सासऱ्याची अॅलर्जी निघते का ते पाहायचं होतं. दुसऱ्याने विकायच्या तयारीने म्हैस आणून बाहेर बांधली होती, "हिनंच नाव निंघनं त आठेच इकी टाकसू," म्हणाला. सगळ्यांना मी "डॉक्टरांना दाखवा" म्हणून परत पाठवलं. तेव्हा मला ते वाक्य छान बोलता येत होतं.

पाडव्याला साडू गुढी उभारायला उठले तेव्हा त्यांचा वरचा ओठ बोटभर सुजला होता आणि अंगावर जागा उरली नव्हती. तरी ते मला फोनवर म्हणाले, "डाक्टर, घोडी त नही आते. मंग? मी कोठे चुकनू?" मी चुकलो असं त्यांच्या मनातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी ओठांबरोबर जीभ जड झाली, आणि मी घाबरलो. सुरतेची गाडी पकडून त्यांना तिथल्या कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं.

ते डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी नव्याने तपासण्या केल्या, गळ्याला हात लावून पाहिला, थायरॉईडच्याही तपासण्या केल्या, आणि मग कागदावर गोल गोल काढत हिंदीत समजावलं. अॅलर्जीच्या अँटीबॉडी असतात बाहेरून आलेल्या वस्तूंसाठी, म्हणजे धूळ, जंत, परागकण असल्यांसाठी. पण काही लोकांमध्ये त्या आपल्याच शरीरातल्या एखाद्या द्रव्याला परकं समजतात. तुमच्या बाबतीत ते द्रव्य बहुतेक थायरॉईडमधलं असावं. ते द्रव्य तर सतत तुमच्यातच आहे, म्हणून भांडण संपत नाही. कातडीतल्या पेशी फुटत राहतात आणि गांधी उठत राहतात. असं काही दुसऱ्या जुनाट दाहाच्या आजारांतही होत असावं, अजून अभ्यास चालू आहे, असंही म्हणाले. ते पुन्हा पुन्हा "शायद" म्हणत होते. इतका शिकलेला माणूस किती सहज "शायद" म्हणतो, आणि मला एका दुपारी ते म्हणता आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "पहले कोई एलर्जी टेस्ट हुआ था?" साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "उसका कागज नहीं है अभी." कागद माझ्या खणात होता. "कोई बात नहीं," डॉक्टर म्हणाले, "बाहर का कुछ नहीं है, काका. सब खाओ, सब छुओ."

बाहेर पायरीवर बसून साडू बराच वेळ हसत होते. म्हणाले, "दख डाक्टर, मन्हा आंगनी मन्हावरच अर्ज करेल शे. अर्जदार बी मीच, गैरअर्जदार बी मीच! वांगाले मी फुकट आठ दिन बाहेर बसाडं. आते हाऊ तंटा मिटाडानं कसं?" रजिस्टर संगे होतंच. त्यात त्यांनी तिथेच लिहिलं: अर्जदार, माझे अंग; गैरअर्जदार, माझे अंग. मग मी, देव जाणे कुठून धीर आणून, म्हणालो, "मग घोडीचं काय, भाऊ? ते म्हणाले ना, सगळ्याला हात लावा."

त्यांनी टोपण लावलं. "त्यास्ले काय म्हाईत घोडीनं? त्यास्नी दखेल शे का तिले? घोडीनं तू शोधेल शे, ते येगळं. सुरतना डाक्टर त्यासना जागावर. तू घरना." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला अजून बसते.

तेव्हापासून त्यांना महिन्याला एक इंजेक्शन लागतं. अंगातल्या त्या अॅलर्जीच्या अँटीबॉडी ते पकडून ठेवतं. मी ते नंदुरबारहून बर्फाच्या डब्यात घालून बसने नेतो, शहाद्याचे डॉक्टर ते देतात, मग मी साडूंना ब्राह्मणपुरीला सोडतो. कोणाच्या हाती पाठवत नाही. सगळे म्हणतात, "काय जीव शे जावईना साडूवर!" ताई दरवेळी मला बाजरीची भाकरी आणि शेवभाजी वाढतात आणि म्हणतात, "तुम्ही नस्तात त आमनं काय व्हतं?" मी खाली मान घालून जेवतो. मी मुळात कमी बोलतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे ते खपून जातं.

इंजेक्शनाने गांधी जवळजवळ गेल्या. पण दर दत्तजयंतीला आम्ही सारंगखेड्याला जातो, आणि तिथे मी साडूंना बघतो. हजार घोड्यांमधून हा माणूस हात पाठीशी बांधून चालतो. कोणी घोडा समोर आला की थांबतो, मनातल्या मनात मोजतो, मागे सरकतो. लग्नाच्या मिरवणुकीत उलट्या बाजूने चालतो. त्याच्या आयुष्यातला हा एवढा दहा पावलांचा रिकामा गोल मी आखलेला आहे. पहिल्याच वर्षी चाचा भेटले तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, "पाटील, क्या सिखाके रखा है इसको? मेरी तो सुनतीच नहीं. मांडव के सामने खडी हो गई, दूल्हा ऊपर, सब लोगां देख रहे. मेरे पोते ने शाळा की किताब जैसा बोला, 'कृपया पुढे चला', तो चली! अब हमारे घर में सब मराठी सीख रहे!" साडू इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग दहा पावलांवरून म्हणाले, "बाईसाहेब, बऱ्या आहात ना?" घोडीने कान टवकारले, दोर ताणला, साडूंच्या दिशेने दोन पावलं आली. साडू दोन पावलं मागे गेले.

या दत्तजयंतीला चाचा म्हणाले, "पाटील, अब इसकी उमर हो गई. लग्न का काम नहीं होता. मेरे पास जगह कम है, और किसी ऐरे-गैरे को दूँगा नहीं. तुम ले जाओ. वैसे ही ले जाओ. संक्रांत तक रुकता हूँ."

बाईसाहेब लिंबाखाली उभ्या होत्या. कपाळावरचा ठिपका फिकटला आहे, मानेतला तोरा मात्र तसाच. साडूंनी माझ्याकडे वळून, लॅबमधल्या त्या दुपारसारखीच टोपी हातात घेऊन विचारलं, "काय, डाक्टर? आते चाली का?"

सगळं त्या एका शब्दात होतं. "चालेल" म्हटलं असतं तरी घोडी घरी आली असती. पण नुसतं "चालेल" म्हणजे आणखी एक औषध सांगितल्यासारखं झालं असतं, आणि ते पुन्हा माझ्याच शब्दावर जगले असते. आणि खरं सांगायला तिथे चाचा होते, लोक होते. मी म्हणालो, "तपासून सांगतो."

"तपास," साडू म्हणाले. "घाई नही. ती वाट दखी. मी बी दखसू." येताना जीपमध्ये त्यांनी ताईंना विचारलं, गोठ्याची कौलं शाकारावी लागतील का. ताई म्हणाल्या, "गोठा मी धुयेलच नही अजून." दोघंही खिडकीबाहेर बघत होते.

खणातला रिपोर्ट मी आज काढला आहे. कागद पिवळा पडला आहे, पण अक्षरं स्वच्छ वाचता येतात. घोड्यासमोरचा रकाना कोराच आहे. संक्रांतीला अजून नऊ दिवस आहेत आणि इंजेक्शन सोमवारी न्यायचं आहे. बर्फाच्या डब्याशेजारी हा कागद पिशवीत ठेवला आहे. साडू माझं काय करतील, मला माहीत नाही. ते मला बाकावर बसवतील आणि दुसरी बाजू विचारतील, हे मात्र मला नक्की माहीत आहे, आणि मला भीती आहे ती त्याचीच; माझ्याकडे दुसरी बाजू नाही.

माझ्या साडूंना मी दोन गोष्टींचं देणं लागतो: बाईसाहेबांजवळ जाण्याची दहा पावलं, आणि त्याआधी एक वाक्य. कागदावर घोडी नव्हती.